खचलेल्या मनाने देवाच्या प्रीतीचा आधार कसा घ्यावा

देव माझ्यावर प्रीती करतो, हे वाक्य विश्वासणाऱ्यांना तोंडपाठ असते. मन खचले की नेमके तेच वाक्य कोरडे वाटू लागते. मग माणूस डोळे मिटून ती प्रीती जाणवावी म्हणून धडपडतो, काही जाणवत नाही, आणि आपला विश्वासच खोटा असावा असे ठरवून मोकळा होतो. दुःख होतेच, त्यावर अपराधीपणाची भर पडते.

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, या प्रीतीचा पुरावा आपल्या भावनेत शोधायला सांगत नाही. रोमकरांस पत्र ५:८ (अध्याय ५, वचन ८) मध्ये प्रेषित पौल घडून गेलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतो: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. १ योहान ४:१० तर स्पष्टच सांगते की आपण देवावर प्रीती केली यात प्रीती नाही, त्याने आपल्यावर केली यात आहे. वधस्तंभ, म्हणजे ख्रिस्ताचे क्रुसावरचे मरण, आपल्या आजच्या मनःस्थितीवर अवलंबून नाही. म्हणून खालची सगळी पद्धत भावना निर्माण करण्याची नाही. खचलेले मन पुन्हा पुन्हा त्या घडलेल्या गोष्टीकडे वळवण्याची आहे. भावना मागाहून येतात, कधी बऱ्याच उशिरा येतात.

सुरुवात जेवण आणि झोपेपासून

१ राजे १९ वाचा. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर लगेच एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, बैर-शेब्यात आपल्या चाकराला मागे ठेवतो, एकटा रानात जातो आणि झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला काय देतो ते क्रमाने पाहा. आधी झोप. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. मग पुन्हा झोप. मग पुन्हा जेवण. जेवण आणणारा देवदूत त्याला उपदेश करत नाही. पुढचा पल्ला लांबचा आहे म्हणून खा, एवढेच सांगतो. देवाशी त्याचे बोलणे होते ते चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर.

तेव्हा सलग काही रात्री नीट झोप नसेल, तर आज रात्री जागून प्रार्थना करण्याचा संकल्प सोडा आणि झोपा. उपास चालू असेल तर तो थांबवा. थकलेल्या अवस्थेत आयुष्याचा, लग्नाचा, नोकरीचा, मंडळी (चर्च) सोडण्याचा निर्णय घेऊ नका. एलीयाचा "मी एकटाच उरलो" हा निष्कर्ष त्याला अगदी पक्का वाटत होता. तो त्याने दोनदा, जवळजवळ त्याच शब्दांत सांगितला. देवाच्या हिशेबात मात्र बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार जण होते.

त्याच अध्यायात पुढे देव त्याला ठरावीक कामे देतो आणि सोबतीला अलीशा देतो. अन्न, विसावा, ऐकून घेणे, काम, सोबत हा क्रम उलटा करणारे पुष्कळ भेटतात. खचलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत सेवेला लावतात आणि मग तो आणखी खचला की नवल करतात.

कशाने खचलो आहोत, ते एका वाक्यात लिहा

"मला फार वाईट वाटते" एवढ्यावर थांबू नका. कागदावर एकच वाक्य लिहा: "मी खचलो आहे कारण…" ते पूर्ण करायला वेळ लागला तरी चालेल. हे लिहिले नाही तर काय होते? माणूस अपराधीपणावरचा उतारा शोकासाठी वाचतो, भीतीवरचा थकव्यासाठी वाचतो, आणि वचनात काही दम नाही असे समजतो.

शोक असेल तर योहान ११ घ्या. मेलेल्या लाजराला उठवणार हे येशूला ठाऊक होते, तरी तो रडला. मार्था आणि मरीया दोघीही त्याला तेच म्हणाल्या, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. दोघींपैकी कोणालाही त्याने गप्प केले नाही. भीती असेल तर यशया ४३:१-४ घ्या आणि नीट वाचा: तिथे पाणी आणि आग चुकवण्याचे आश्वासन नाही, त्यातून जाताना सोबतीचे आहे. केलेले काम वाया गेले असे वाटत असेल तर यशया ४९:४ पाहा. तिथे परमेश्वराचा सेवकच म्हणतो की आपण व्यर्थ श्रम केले, आणि त्याच वचनात आपला न्याय देवाजवळ आहे असे म्हणून स्वतःला सावरतो. बरा न होणारा आजार असेल तर २ करिंथ १२:७-१० घ्या. ज्याला तो शरीरातला काटा म्हणतो तो त्रास जावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, उत्तर मात्र मिळाले.

अपराधीपणाबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. अपराधीपणा दोन तऱ्हेचा असतो. पहिल्याला नाव असते: मी अमुक खोटे बोललो, अमुकचे पैसे बुडवले. त्यावर १ योहान १:९ हा सरळ मार्ग आहे. कृत्याचे नाव घेऊन कबुली द्या, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करा (लूक १९ मध्ये जक्कय चौपट परत करायला तयार झाला), आणि तरीही ते डोक्यातून जात नसेल तर एका विश्वासू वडील माणसाजवळ किंवा पाळकाजवळ तोंडाने सांगा. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ कबुली द्यायला सांगितले आहे ते उगीच नाही. मनातल्या मनात दिलेली कबुली मन पुन्हा पुन्हा उकरून काढते. दुसऱ्याच्या कानांनी ऐकलेली कबुली तशी उकरणे कठीण जाते.

दुसऱ्या अपराधीपणाला नाव नसते. मीच वाईट, माझ्यामुळेच सगळे बिघडते, एवढेच तो म्हणत राहतो. याची कबुली देता येत नाही, कारण कबूल करण्यासारखे ठरावीक काही नसतेच. इथे १ योहान ३:२० उपयोगी पडते: आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव मनापेक्षा मोठा आहे आणि त्याला सगळे ठाऊक आहे. आणि तुमच्यावर दुसऱ्याने अन्याय किंवा मारहाण केली असेल, तर ते पाप तुमचे नाही. त्याचा पश्चात्ताप तुम्ही करायचा नाही. अशा वेळी आधी सुरक्षित जागी जाणे आणि मदत मिळवणे महत्त्वाचे. क्षमा करण्याचा विषय त्यानंतरचा आहे, आणि क्षमा केली म्हणजे त्याच घरात मार खात राहिले पाहिजे असे शास्त्र कुठेही सांगत नाही.

तक्रार देवासमोर मांडा, मागच्या दाराने नको

१५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तरी प्रार्थनेला बसल्यावर आपण आभारांनी सुरुवात करतो आणि खरे दुःख शेजाऱ्याला सांगतो. स्तोत्रकर्ते तसे करत नाहीत.

स्तोत्र १३ हा उत्तम साचा आहे, कारण ते फक्त सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणी आहे. शेवटच्या दोनांत भरवसा आहे. त्यावरून स्वतःचा विलाप लिहा. पाच-सहा वाक्ये पुरेत. आधी देवाला हाक मारा. मग तक्रार गुळगुळीत न करता मांडा: "काम सुटून चार महिने झाले, तू ऐकतोस असे मला वाटत नाही." मग मागणी करा, आणि ती इतकी ठरावीक असू द्या की मिळाली की नाही ते ओळखता येईल: "शुक्रवारच्या मुलाखतीत माझी वाचा बसू देऊ नकोस." शेवटी देवाबद्दल जे खरे मानता त्याचे एक वाक्य, मग ते आज पोकळ वाटले तरी: "तरी तू आपला पुत्र राखून ठेवला नाहीस, हे मी विसरत नाही."

शेवटचे वाक्य येतच नसेल तर ओढूनताणून लिहू नका. स्तोत्र ८८ भरवशाच्या वळणाला येतच नाही, काळोखातच संपते, आणि तरीही ते शास्त्रात आहे. पण तेही देवाला उद्देशूनच म्हटलेले आहे, हे ध्यानात घ्या. देवाविषयी कुरकुरणे आणि देवाकडे कुरकुरणे यांत फरक आहे.

हा कागद तारीख घालून ठेवा. महिन्याने काढून वाचला की कोणती मागणी कशी पुरी झाली ते दिसते. मन खचलेले असताना आठवण फार पक्षपाती असते, म्हणून हे लिहून ठेवलेलेच बरे.

एक उतारा, एक आठवडा

रोज नवे वचन शोधू नका. आठ ते बारा वचनांचा एकच उतारा घ्या आणि आठवडाभर त्यावरच राहा. दिवसाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. वेळ ठरलेली असावी आणि फोन दुसऱ्या खोलीत असावा. उतारा मोठ्याने दोनदा वाचा. मनात वाचताना डोळे ओळखीच्या शब्दांवरून घसरतात. आवाजाने वाचले की वेग आपोआप कमी होतो.

पहिल्या दिवशी फक्त क्रियापदांखाली रेघ मारा आणि त्यांतली कोणती देवाची, कोणती माणसाची ते वेगळे करा. खचलेला माणूस वाचताना प्रत्येक ओळीतून स्वतःसाठी आज्ञा शोधतो. रेघा मारल्यावर कळते की बहुतेक कामे देवाची आहेत. दुसऱ्या दिवशी हे कोणाला, कोणत्या परिस्थितीत लिहिले ते पाहा, त्यासाठी मागचा-पुढचा अध्याय वाचा. तिसऱ्या दिवशी इथे कशाचे वचन दिलेले नाही, हे लिहा. हा प्रश्न विचित्र वाटतो, पण पुढची निराशा तोच टाळतो. उरलेल्या दिवसांत त्यातले एक वचन हाताने कागदावर उतरवून पाठ करा आणि त्याचीच प्रार्थना करा.

रोम ८:३१-३९ वर हे करून पाहू. देवाची क्रियापदे: त्याने पुत्राला राखून ठेवले नाही, आपल्या सर्वांसाठी दिले, तो नीतिमान ठरवतो. ख्रिस्ताची: तो मेला, उठला, देवाच्या उजवीकडे आहे, आपल्यासाठी विनंती करतो. परिस्थिती: ३५व्या वचनात पौल क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट आणि तलवार अशी सात नावे घेतो. ही यादी त्याने बसल्याजागी रचलेली नाही. २ करिंथ ११ मध्ये त्याने सोसलेले फटके, फुटलेली तारवे, भूक, थंडी आणि उघडेपणा यांची नोंद आहे. आता तिसऱ्या दिवसाचा प्रश्न. हे सात भोग येणार नाहीत असे वचन इथे आहे का? नाही. यांतले काहीही ख्रिस्तातल्या देवाच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळे करू शकत नाही, एवढेच वचन आहे. पुढे तो मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, उंची, खोली अशी आणखी नावे घेतो आणि शेवटी सृष्टीतली दुसरी कोणतीही वस्तू असे म्हणून पळवाट बंद करतो. यादीत तुमच्या "मी खचलो आहे कारण…" या वाक्यातले कारण हाताने लिहा आणि ते वचन त्यासकट वाचा.

आठवडा संपल्यावर दुसरा उतारा घ्या. स्तोत्र १०३, लूक १५:११-३२, इफिस ३:१४-२१, विलापगीत ३:१९-३३ हे चांगले आहेत, काही जरा लांब असले तरी. विलापगीतातली रोज सकाळी नव्या होणाऱ्या दयेची वचने भिंतीवर टांगलेली पुष्कळांनी पाहिली असतील. पण ती उद्ध्वस्त यरुशलेमवरच्या पाच शोकगीतांच्या मधोमध आहेत, आणि त्यांच्या आधी वीस वचने निव्वळ दुःखाची आहेत. ती वगळून वाचली तर वचन सुंदर वाटते, पण आधार देत नाही.

ज्यांना वडिलांकडून धाक किंवा मार मिळाला, त्यांना "देव पिता" म्हणताच आत काहीतरी बंद होते. त्यांनी जबरदस्तीने तिथून सुरुवात करू नये. यशया ४९:१५ मध्ये देव आपल्या प्रीतीची तुलना अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईशी करतो. होशेय ११:३-४ मध्ये तो एफ्राइमाला, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांना, हात धरून चालायला शिकवतो. किंवा मार्काचे शुभवर्तमान घ्या. ते सोळा अध्यायांचे, सगळ्यांत लहान आहे. येशू कोणाला शिवतो, कोणासाठी थांबतो, एवढेच पाहत जा. पहिल्या अध्यायात कुष्ठरोग्याला आधी हात लावतो, मग शुद्ध करतो. पाचव्यात गर्दीतून चोरून वस्त्राला शिवलेल्या स्त्रीला सगळ्यांसमोर "मुली" म्हणतो. ज्याने मला पाहिले त्याने पित्याला पाहिले, असे तोच योहान १४:९ मध्ये सांगतो. पित्याची ओळख येशूवरून करून घ्यायची, आपल्या वडिलांवरून नाही.

वचने कुठे दगा देतात

वचने दगा देत नाहीत खरे तर, आपण ती अर्धी वापरतो. यिर्मया २९:११ हे त्याचे ठळक उदाहरण. हिताचे संकल्प, भावी सुस्थिती, आशा, सगळे त्यात आहे. पण हे बाबेलात बंदिवान असलेल्यांना पाठवलेल्या पत्रातले वाक्य आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. पाचव्या वचनात घरे बांधा, बागा लावा असे सांगितले आहे. म्हणजे लवकर सुटका होणार नाही, तिथेच जगायला शिका. पुढच्या महिन्यात सगळे ठीक होईल, या अर्थाने हे वचन घेतले तर महिना उलटल्यावर देव खोटा वाटू लागतो. फिलिप्पै ४:१३ चेही तसेच. सर्व काही करायला मी शक्तिमान आहे, हे परीक्षेतल्या यशाबद्दल नाही. कैदेतला पौल त्याआधी भूक आणि भरपूर, दोन्हीत राहायला शिकल्याचे सांगतो.

डोळे मिटून शास्त्र उघडायचे आणि बोट पडेल ते वचन देवाचा संदेश मानायचा, ही सवय सोडाच. ज्या दिवशी बोट न्यायनिवाड्याच्या अध्यायावर पडते त्या दिवशी खचलेला माणूस पार कोलमडतो. फोनवर रोज सकाळी येणारी फुलांच्या चित्रांवरची वचने वाईट नसतात, पण त्यांवर पोट भरत नाही. आणि अमुक रक्कम अर्पण केली की आशीर्वाद येईल, असे कोणी तुमच्या दुःखाच्या काळात सांगत असेल तर तिथून निघा. कृपा विकत मिळत असती तर तिला कृपा म्हटले नसते.

एकट्याने होत नाही

इब्री ३:१३ मध्ये एकमेकांना रोज बोध करायला सांगितले आहे, आठवड्यातून एकदा नाही. खचलेला माणूस नेमका याच वेळी मंडळीतून नाहीसा होतो, कारण कोणी विचारले तर काय सांगायचे हा प्रश्न असतो. उपासनेला उशिरा या, मागे बसा, लवकर जा, पण या. गाता येत नसेल तर इतरांना तुमच्यासाठी गाऊ द्या. प्रभुभोजन चुकवू नका, विशेषतः आपण लायक नाही असे वाटते त्या आठवड्यात. तिथे भाकर हातात ठेवली जाते, विश्वास किती आहे ते आधी मोजले जात नाही. पश्चात्ताप टाळत असाल तर गोष्ट वेगळी. मग आधी वर सांगितलेली कबुली द्या आणि या.

एक माणूस निवडा. तो तुमचे गुपित राखणारा हवा, स्वतः काही सोसलेला हवा, आणि लगेच उपाय सांगायची घाई नसलेला हवा. त्याला मोघम निरोप पाठवू नका. "माझ्यासाठी प्रार्थना करा" असे म्हटले की "हो" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी लिहा: "दोन आठवडे मी फार खचलो आहे. गुरुवारी अर्धा तास भेटाल का? सल्ला नको, ऐकून घ्या आणि माझ्यासोबत एक स्तोत्र वाचा."

आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही असाल, तर ईयोबाचे मित्र लक्षात ठेवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचे सगळे बरोबर होते. बिघडले ते त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केल्यावर, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला. "देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य शोकाच्या घरी नको. डबा न्या, मुलांना सांभाळा, औषधे आणून द्या, दहा दिवसांनी पुन्हा जा. पहिल्या दिवशी सगळे येतात.

काहीच जाणवत नाही तेव्हा

हे सगळे करूनही आत कोरडेच राहू शकते. उत्साह वाटला की पद्धत लागू पडली असे समजू नका. लहान खुणा पाहा: टाळलेला फोन केलात, सकाळी अंथरुणातून लवकर उठलात, दुसऱ्या कोणासाठी प्रार्थनेत एक वाक्य आले. स्तोत्र ४२ आणि ४३ मध्ये स्तोत्रकर्ता आपल्याच जिवाला "तू का खिन्न झालास?" असे तीन वेळा विचारतो आणि तीनही वेळा देवाची आशा धर असे सांगतो. पहिल्यांदा विचारून काम झाले नव्हते, हे उघड आहे.

पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदासी असेल, झोप, भूक किंवा लक्ष पार बिघडले असेल, कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्य हा आजार आहे. त्यावर गोळ्या घेणे हा अविश्वास नाही. आणि औषध बंद करून फक्त प्रार्थना करा असे सांगणारा माणूस, मग तो कितीही मोठा प्रचारक असो, तुमच्या जिवाशी खेळतो आहे. मरणाचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नका. आत्ता शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, रुग्णालयात जा. मोशे, एलीया आणि योना या तिघांनीही देवाजवळ मरण मागितले होते. देवाने ती मागणी मान्य केली नाही आणि त्यांना टाकूनही दिले नाही.

ज्या दिवशी शास्त्र उघडण्याइतकेही बळ नसेल, त्या दिवशी प्रभूची प्रार्थना एकदा म्हणा. तीही पूर्ण होत नसेल तर "प्रभू, दया कर" एवढेच श्वासासोबत म्हणा. रोम ८:२६ प्रमाणे शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो. तेवढे झाले की जेवा आणि झोपा.